साबणाची वडी : पैसे तेलाचे की पाण्याचे?



साबण घरोघरी असतो. मीठमिरचीसारखा तोही बाजारातून आणावाच लागतो. पण वडी हातात घेऊन ती नीट पाहणारी माणसे थोडी. ती का पाहावी, हे आज आम्ही सांगणार आहोत.

१९६८ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो, चौथीत शिकत होतो. कपड्यांचा साबण हातभर लांब बारातून कापून, तोलून मिळायचा. आमची आई बाजाराला गेली. नेहमीचा साबण अडीच रुपये किलो होता. एका दुकानात तसाच दिसणारा बार सव्वादोन रुपये किलोने मिळाला. त्यावर ठसाही होता. आईला वाटलं, हा आपलाच साबण. तिने किलोभर घेतला. ठशातली अक्षरे निराळी होती. पण आईला अक्षर येत नव्हते, आणि आम्ही तिच्यासोबत गेलो नव्हतो.

साबण लोण्यासारखा मऊ होता. घरात आधीची वडी शिल्लक होती, म्हणून हा महिनाभर फळीवर राहिला. तेवढ्यात तो आक्रसला, वाकडा झाला. त्याच्यावर पांढरा खार फुटला. वाण्याच्या तागडीत घातला, तर पाऊण किलो भरला! सव्वादोन रुपयांना पाऊण किलो, म्हणजे किलोला तीन रुपये पडले. चार आणे वाचवायला गेलो आणि आठ आणे गमावले. वर त्याने धुणं धुऊन आईच्या बोटांना चिरा पडल्या, त्या वेगळ्याच.

मग पाव किलो साबण गेला कुठे? तो साबण नव्हताच. ते पाणी होते. वाळून उडून गेले.

साबण कसा होतो?

तेल किंवा चरबी घ्यायची. कॉस्टिक सोडा म्हणजे एक जहाल खार. तो पाण्यात विरघळवून तेलाबरोबर कढवायचा. तेल आणि खार यांचा संयोग होऊन साबण होतो आणि ग्लिसरीन सुटते. मग कढईत मीठ टाकतात. साबण वर तरंगतो. खारट पाणी व ग्लिसरीन खाली बसते. वरचा साबण साच्यात ओतून थिजवतात व कापतात.

यात लबाडीला दोन जागा आहेत. पाणी जास्त ठेवले की वजन वाढते. शंखजिऱ्याची पूड घातली, तरी वजन वाढते. आणि सोडा जास्त पडला, तर तो साबणात मोकळा राहतो. हाच मोकळा सोडा हात खातो आणि कपड्याचे सूतही खातो.

साबण मळ कसा काढतो?

मळ नुसता धुळीचा नसतो. त्यात घाम असतो, अंगाचे तेल असते. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने मळ निघत नाही. साबणाच्या प्रत्येक कणाला दोन टोके असतात. एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला धरते. कपडा खळबळला की पाणी साबणाला ओढते आणि साबण मळाला ओढून नेतो. साबण नव्हता तेव्हा रिठा आणि राख हेच काम करत. रिठ्याला म्हणूनच फेस येतो.

वडीवर नाव कसे आले?

पूर्वी विलायतेतही वाणी लांब बार कापून साबण विकत. कोणत्या कारखान्याचा, ते गिऱ्हाइकाला कळत नसे. विल्यम लिव्हर हा एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने १८८४ साली 'सनलाइट' हे नाव देऊन कागदात गुंडाळलेल्या लहान वड्या विकायला काढल्या. १८८८ साली त्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. त्याच लिव्हरचा लाल 'लाइफबॉय' १८९५ साली आपल्या देशात आला.

पण तेव्हाच्या साबणात जनावराची चरबी असे, म्हणून पुष्कळ लोक तो शिवत नसत. मुंबईचे अर्देशीर गोदरेज कुलुपे करत. त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चरबीऐवजी वनस्पतींच्या तेलांचा साबण काढला. कुलुपवाल्याच्या त्या साबणाचे नाव होते 'चावी'. १९१७ साली टाटांची तेल गिरणी कंपनी निघाली. तिचा '५०१' बार आमच्या लहानपणी गावोगावी होता. ती कंपनी १९९३ साली हिंदुस्थान लिव्हरमध्ये मिळाली.

नाव छापले की माल वाईट निघाल्यावर कोणाला धरायचे, ते कळते. पण ते नाव वाचता आले पाहिजे. नाही तर आमच्या आईसारखे होते.

आता काय करावे?

१. नावाचे प्रत्येक अक्षर वाचा. एखादे अक्षर बदलून तसलेच दिसणारे नाव छापतात.

२. वजन आणि किंमत वाचा. दोन वड्यांची तुलना करताना शंभर ग्रॅमला किती पैसे पडले, ते काढा. साबणावर 'पॅक करतेवेळचे वजन' असे लिहिलेले असते. साबण पुढे वाळतो, म्हणूनच तसे लिहितात.

३. आणलेली वडी कागद काढून हवेशीर फळीवर महिनाभर वाळवा. वाळलेली वडी कमी झिजते. वापरून झाल्यावर ती पाण्यात पडू देऊ नका.

४. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते पाणी जड. त्यात साबण फुटतो आणि चोथा होतो. पावसाचे पाणी साठवून वापरले, तर साबण कमी लागतो. हल्ली मिळणाऱ्या निळ्या वड्या बहुधा साबणाच्या नसून डिटर्जंटच्या असतात. त्या जड पाण्यातही चालतात, पण हात कोरडे पाडतात. धुणं झाल्यावर हाताला थोडे खोबरेल लावा.

आमची आई आज नाही. पुढे साठीत ती अक्षरे शिकली. नंतर बाजारात गेली की वडी उलटीसुलटी करून ठसा मोठ्याने वाचायची आणि मगच पदर सोडून पैसे काढायची. तुम्हीही पुढच्या बाजारी वडी हातात घ्याल, तेव्हा आधी वाचा. पैसे तेलाचे द्या, पाण्याचे देऊ नका.