इतर हक्कात काय लिहिलंय?

तालुक्याच्या गावी सर्च रिपोर्ट काढून देणं हा माझा धंदा. जमीन घेणारा माणूस कागदांची पिशवी टेबलावर रिकामी करतो नि म्हणतो, ''वकीलसाहेब, सातबाऱ्यावर मालकाचं नाव बरोबर आहे ना, तेवढं बघा.'' मी आधी बघतो सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात. सोसायटीचा बोजा तिथं असतो, बँकेचा तिथं असतो आणि जप्तीची नोंदही तिथंच सापडते.

ही जप्ती येते कुठून? दामदुप्पट देतो म्हणून गावाच्या ठेवी गोळा करायच्या, त्यातून बायको-मेहुण्याच्या नावानं प्लॉट घ्यायचे, बोभाटा झाला की ते विकून पसार व्हायचं. खटल्याचा निकाल लागेपर्यंत वसूल करायला काही उरत नाही. म्हणून मालमत्ता आधी गोठवायची, दोषी कोण ते सावकाश ठरेल, अशी कायद्याची रीत. मालकी लगेच जात नाही. विक्री, गहाण, बक्षीसपत्र मात्र बंद.

पूर्वी पोलीस ठाण्यातून तलाठ्याला नुसतं पत्र यायचं, 'सदर गटाचा व्यवहार होऊ देऊ नये.' जमीन तिथंच अडकायची. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं, की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली पोलिसांना घर-जमीन जप्त करता येत नाही. ते कलम जंगम मालासाठी होतं.

१ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, नि तिच्यात कलम १०७ आलं. तपास अधिकाऱ्यानं पोलीस अधीक्षकाची किंवा आयुक्तांची मंजुरी घ्यायची आणि न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालय नोटीस काढतं. म्हणणं मांडायला १४ दिवस. नोटीस मिळताच माल हलेल असं वाटलं, तर आधी अंतरिम जप्ती. मालमत्ता गुन्ह्याच्या पैशातलीच आहे असं न्यायालयाला पटलं, की जिल्हाधिकाऱ्यानं ६० दिवसांत पैसे पीडितांना प्रमाणशीर वाटायचे. उरलं ते सरकारजमा.

हे वाटप आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबलं पाहिजे, असं हे कलम म्हणत नाही. मला ते खटकतं. उद्या माणूस निर्दोष सुटला, तर वाटलेले पैसे कुणाकडून गोळा करणार? पण पेन्शन बुडालेल्या ठेवीदारासमोर हा मुद्दा काढायला जीभ रेटत नाही, हेही खरं.

ईडीची, म्हणजे सक्तवसुली संचालनालयाची, वाट निराळी. तिथं पहिला आदेश न्यायाधीशाचा नसतो, अधिकाऱ्याचा असतो, आणि तो जास्तीत जास्त १८० दिवस चालतो. तेवढ्यात न्यायनिर्णय प्राधिकरणानं तो कायम केला नाही, तर जप्ती आपोआप सुटते. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा एमपीआयडी कायदा आहेच. त्यात जप्तीची अधिसूचना सरकार काढतं, सक्षम प्राधिकारी नेमतं, आणि ती जप्ती कायम करायची की नाही ते विशेष न्यायालय ठरवतं.

सगळ्यांत वाईट अवस्था मध्येच सापडलेल्या खरेदीदाराची. तो प्रामाणिक असला, तरी सिद्ध त्यालाच करावं लागतं. तिथं चेक, बँकेचं स्टेटमेंट, बाजारभावाला धरून दिलेली किंमत हेच कामाला येतं. निम्मी रक्कम रोखीत दिलेल्याचं कोण ऐकून घेणार?

जप्तीचा आदेश निघाल्यावर तो सातबाऱ्यावर चढायला वेळ लागू शकतो. तेव्हा नोंद दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. विसार देण्याआधी त्याच दिवसाचा उतारा घ्या, फेरफार वाचा, आणि विकणाऱ्याच्या नावावर न्यायालयात काही चालू आहे का ते शोधा. आणि भाव फारच कमी सांगत असेल, तर का, ते आधी विचारा.