काट्यावरचे वजन आणि मनावरचे ओझे

आम्ही बँकेत कारकून. दिवसभर खुर्चीवर बसून चाळिशीत अंग सुटले. सहकाऱ्यांचे विनोद ऐकून चारचौघांत डबा उघडायची लाज वाटू लागली आणि घरी मात्र दुप्पट जेवण होऊ लागले. याउलट आमच्या नात्यातली एक कॉलेजकन्या जाड दिसते म्हणून उपाशी राहून चक्कर येऊन पडली. अशा वेळी धम्म काय सांगतो, हे पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

संयुत्त निकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात खाऊन, धापा टाकीत भगवंतांच्या भेटीस आला. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही, की उपवास सांगितला नाही. जो सावध राहून जेवणाची मात्रा ओळखतो त्याचे त्रास कमी होतात, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने ती सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करावयास लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखविण्यासाठी शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू आहार नाळीभर भातावर आला. अंग हलके झाल्यावर राजाने भगवंतांचे कृतज्ञतेने स्मरण केले.

येथे दोन शब्द महत्त्वाचे : सावधपणा आणि हळूहळू. उपासमारीचा मार्ग सिद्धार्थ गौतमाने स्वतः अनुभवला होता. शरीराचा सापळा झाला, पण ज्ञान मिळाले नाही. त्याने अन्न घेतले तेव्हा पाच सोबती तुच्छतेने सोडून गेले. लोक काय म्हणतील म्हणून तो पुन्हा उपाशी राहिला नाही. मध्यम मार्ग असा ताटापासून सुरू होतो.

मग ज्याचे शरीर बदलतच नाही त्याने काय करावे? लकुंटक भद्दिय हे भिक्खू ठेंगणे व दिसायला कुरूप होते. इतर भिक्खू त्यांना हिणवीत. भगवंतांनी मात्र त्यांची थोरवी सर्वांसमोर सांगितली आणि मधुर स्वराच्या भिक्खूंमध्ये त्यांना अग्रस्थान दिले. माणसाची किंमत त्याच्या देहावरून ठरत नाही, हाच त्यातला बोध.

कारणाशिवाय काही घडत नाही, हे धम्माचे सूत्र वजनालाही लागू आहे. आनुवंशिकता, थायरॉईडचा विकार, बाळंतपण, काही औषधे, बैठे काम अशी अनेक कारणे असतात. ती डॉक्टरांकडून समजून घ्यावीत. स्वतःला दोष देत बसू नये. स्वतःचा स्वीकार म्हणजे आळस नव्हे. ज्या शरीराशी आपले वैर आहे, त्याची काळजी आपण कशी घेणार? मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासून करतात, ती याचसाठी.

आम्ही आता सर्वांसोबत डबा उघडतो, सावकाश जेवतो, एक पोळी कमी खातो. वजन थोडेच उतरले आहे. मनावरचे ओझे मात्र बरेच उतरले. विद्यार्थी मित्रांनो, दुसऱ्याच्या अंगावरून विनोद करण्यापूर्वी सम्यक वाचा आठवा आणि आरशासमोर उभे राहाल तेव्हा स्वतःशीही तीच वापरा.

सर्वांचे मंगल होवो!