बंदूक खुंटीला, काडतूस मिळेना. पण रिकामं काडतूस घरी भरायच्या भानगडीत पडू नका

धावडा (ता. भोकरदन) : मक्याच्या कणसात दूध भरलं की अजिंठ्याच्या डोंगराकडच्या शिवारात रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप मक्यात शिरला की खातो कमी आणि लोळवतो जास्त. मका निघाला की तूर, मग हरभरा, मग रोही आणि हरणं. बॅटरी, पत्र्याचा डबा, फटाके, साड्यांचं कुंपण, सगळं करून होतं. ज्याच्या घरी पीक राखणीच्या परवान्याची बंदूक आहे त्याला बाकीचे नशीबवान समजतात. पण बंदूक आहे आणि काडतूसच नाही, तर ती बंदूक म्हणजे नुसती लोखंडी काठी.

काडतूस का मिळत नाही, आणि मिळालं नाही तर काय करू नये, हे दोन्ही समजून घ्यायला पाहिजे. कारण टंचाई आली की कोणीतरी शहाणा सांगतोच, "रिकामी नळकांडी फेकू नको, घरीच भरू."

आधी परवान्याचं. शस्त्र कायदा 1959 चा. त्याच्या कलम 13 मध्ये पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक द्यावी असं धरलेलं आहे. ठासणीच्या बंदुकीने काम भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, देता येते. म्हणून गावाकडे दोन्ही दिसतात. आजोबाच्या काळची ठासणीची आणि नंतर घेतलेली बारा बोअर. दोन्हीचा खुराक वेगळा. ठासणीच्या बंदुकीला काळी दारू, छर्रे आणि टोप्या सुट्ट्या लागतात. बारा बोअरला तयार काडतूस लागतं.

बारा बोअर म्हणजे काय, हे बंदूक बाळगणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना माहीत नसतं. नळीत बरोबर बसेल अशा शिशाच्या गोल गोळ्या केल्या आणि अशा 12 गोळ्यांचं वजन एक रत्तल, म्हणजे साधारण 453 ग्रॅम भरलं, तर ती नळी 12 बोअरची. आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. काडतुसात चार वस्तू असतात. बुडाला पितळी टोपीत बसवलेली कॅप, तिच्यावर दारू, दारूवर बुचासारखा डाट आणि वर छर्रे. घोडा पडला की कॅप पेटते, कॅप दारू पेटवते, दारूचा वायू डाटाला ढकलतो आणि डाट छर्ऱ्यांना. सगळा खेळ निमिषाचा, पण त्या निमिषात नळीच्या बुडाशी जो दाब तयार होतो तो मापातला असेल तरच नळी टिकते.

आता टंचाईचं. पहिली गोष्ट, काडतूस काही कृषी सेवा केंद्रात मिळणारी वस्तू नाही. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडूनच ते घ्यावं लागतं, आणि अशी दुकानं शहरात, तीही मोजकी. धावड्याहून भोकरदन गाठायचं, पुढे मोठ्या शहरात जायचं, आणि तिथे गेल्यावर ऐकायचं की पाहिजे तो नंबर संपलाय. दिवस मोडतो, भाडं जातं.

दुसरं कारण मालाचं. देशात बारा बोअरचं काडतूस म्हटलं की वर्षानुवर्षं सरकारी कारखान्याचं 'शक्तिमान' हेच नाव. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, इंग्रजांच्या काळातला. आपल्याला त्याहून जवळ म्हणजे अजिंठ्याचा घाट उतरून पलीकडे, भुसावळजवळ वरणगावला दुसरा कारखाना आहे, पण तिथलं मुख्य काम लष्कराच्या गोळ्यांचं. 1 ऑक्टोबर 2021 पासून जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आणि हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत गेले. अशा कारखान्यांचं पहिलं गिऱ्हाईक फौज आणि पोलीस. शेतकऱ्याची वर्षाची पाच-पंचवीस काडतुसं हा त्यांच्या हिशेबात फार बारीक धंदा. दुकानदारालाही तो बारीकच. जो माल खपतो तोच तो भरून ठेवतो. डुकरासाठी लोक एलजी किंवा एसजी या मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस मागतात, आणि चार-सहा नंबर हे बारीक छर्ऱ्यांचे प्रकार. ऐन हंगामात एकाच नंबरावर सगळ्यांची उडी पडली की दुकान रिकामं.

तिसरं कारण थेट कापसाशी आहे, आणि ते ऐकून कपाशीवाल्यांना आश्चर्य वाटेल. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते, आणि नायट्रोसेल्युलोज बनवायला सरकीला चिकटून राहणारा बारीक तंतू लागतो, ज्याला व्यापारी लिंटर म्हणतात. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीवर जी लव राहते तीच. 2022 ला युक्रेनचं युद्ध पेटल्यावर तोफगोळ्यांसाठी दारूची मागणी जगभर वाढली आणि युरोपातले कारखानदार उघड बोलायला लागले की लिंटरसाठी आपण चीनवर अवलंबून आहोत. त्याआधी 2020 मध्ये अमेरिकेत वेगळाच घोळ झाला होता. कोरोना आणि दंगलींच्या भीतीने लोकांनी बंदुका घेतल्या. त्या एका वर्षात बंदूक खरेदीच्या वगैरे कामासाठी होणाऱ्या सरकारी तपासण्यांचा आकडा 3 कोटी 97 लाखांच्या घरात गेला. दुकानांतून काडतुसंच काय, घरी काडतूस भरणाऱ्यांच्या कॅप आणि दारूचे डबेसुद्धा गायब झाले. तिकडे घरी काडतूस भरणं हा कायदेशीर छंद आहे, त्याची मापं, यंत्रं, पुस्तकं मिळतात. मोबाईलवर आपल्या पोरांना दिसणारे व्हिडिओ तिकडचे असतात, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

खेळातल्या नेमबाजांचंही असंच. त्यांची .22 ची काडतुसं इंग्लंड, जर्मनीतून येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणजे ओढाताण फक्त आपलीच नाही. पण नेमबाजाचं काडतूस संपलं तर सराव बुडतो, शेतकऱ्याचं संपलं तर रातोरात मका जातो.

चौथी अडचण कागदाची. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घ्यायची तो आकडा लिहिलेला असतो. त्यापेक्षा एकही जास्त मिळत नाही. परवाना ऑनलाइन नोंदला गेलेला नसेल, त्यावर यूआयएन क्रमांक नसेल, मुदत संपली असेल, तर दुकानदार हात जोडतो, आणि त्याचं चूक नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 3 वर्षांवरून 5 वर्षं झाली. त्यामुळे नूतनीकरण विसरणं सोपं झालंय. त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा करायची नोटीस येते. 2024 ची विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि मतदान 20 नोव्हेंबरला झालं, म्हणजे मका काढायचे आणि हरभरा पेरायचे दिवस. कोणाची बंदूक जमा करायची हे ठरवायला छाननी समिती असते. गुन्हा दाखल नसलेल्या शेतकऱ्याने राखणीचं कारण लिहून तिच्याकडे अर्ज करायला हरकत नाही. डुकराला आचारसंहिता नसते!

रिकामं काडतूस भरलं तर काय होतं?

सुतळी बॉम्बमधली किंवा अनारातली दारू काढून नळकांड्यात भरायची, जुनी कॅप ठोकून सरळ करायची, वरून सायकलच्या बेअरिंगचे छर्रे. असं करणाऱ्याला वाटतं दारू म्हणजे दारू. तसं नाही. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू भसकन जळते. काडतुसातली बिनधुराची दारू बंद जागेत दाब वाढेल तशी आणखी जोरात जळते, म्हणून ती गुंजेच्या मापाने भरावी लागते. फटाक्यातली ॲल्युमिनियमची चमकी दारू तर जळत नाही, फुटतेच. ती बंदुकीसाठी बनवलेलीच नाही. ठासणीच्या बंदुकीत काडतूस फोडून काढलेली दारू घातली तरी तोच प्रकार, नळी फाटते. फाटते ती बहुतेक बुडाशी, म्हणजे डावा हात जिथे धरलेला असतो आणि डोळा जिथे लावलेला असतो त्याच्या जवळ.

भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 ला स्फोट होऊन 8 कामगार गेले. तिथे यंत्रं होती, नियम होते, शिकलेली माणसं होती. घरात चुलीपासून पाच हातांवर, लेकराबाळांत बसून दारू कुटणाऱ्याने एवढं तरी आठवावं.

काही जण बंदुकीऐवजी पाईपची कार्बाइड गन वापरतात. वानरं पळवायला ती बऱ्याच शेतांत दिसते. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यामुळे शंभरावर लोकांच्या, त्यातही पोरांच्या, डोळ्यांना इजा झाल्या. बार झाला नाही म्हणून नळीत वाकून बघायचं आणि तेव्हाच भडका व्हायचा, असं घडत होतं. डुकरासाठी पिठात गुंडाळून ठेवायचा गावठी बॉम्ब आणि कुंपणाला सोडलेला करंट हे तर सरळ खुनाचे सापळे. डुकराच्या आधी शेजाऱ्याची गाय किंवा रात्री मोटार चालू करायला निघालेला माणूस त्यात सापडतो.

कायद्याचं बोलायचं तर परवाना बंदूक आणि काडतूस बाळगायचा असतो, काडतूस बनवायचा नाही. बनवायला कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो. तो नसताना बनवलं तर कलम 25 प्रमाणे कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. "दोन काडतुसं उसनी दे, पुढच्या महिन्यात देतो," हेसुद्धा चालत नाही. मीठ-मिरची उसनी देतात तसं काडतूस देता येत नाही, देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

मग करायचं काय? खरेदी हंगामाच्या आधी, मे-जूनमध्ये करावी, आणि निघण्याआधी दुकानाला फोन करून आपला नंबर आहे का ते विचारावं. मूळ परवाना सोबत न्यावा. परवाना फक्त जिल्ह्यापुरता आहे की राज्यभर चालतो ते त्यावर बघावं, राज्याचा असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातही जाता येतं. आकडा कमी पडत असेल तर वाढवून मिळण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे जोडून अर्ज करावा. नुसत्या तोंडी गाऱ्हाण्याला किंमत नाही, पंचनाम्याला आहे. जुन्या बंदुकीवाल्यांनी एक गोष्ट हमखास तपासावी. काही जुन्या बारा बोअरची कोठी 65 मिलिमीटर काडतुसाची असते आणि आज 70 मिलिमीटरचं काडतूस मिळतं. ते आत बसतं, पण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. नळीवर कोरलेला आकडा दुकानदाराला दाखवून मगच घ्यावं.

आहे तो साठा नीट सांभाळणं हाही टंचाईवरचा उपाय. ओल लागून फुगलेलं काडतूस जबरदस्तीने बसवू नये. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू तर अजिबात नये. बार झाला नाही तर लगेच बंदूक मोडून बघू नये, नळी मोकळ्या बाजूला धरून मिनिटभर थांबावं. कधी कधी कॅप उशिरा पेटते.

शेवटची गोष्ट, काडतूस मिळालं म्हणजे डुक्कर मारायची मोकळीक मिळाली असं नाही. रानडुक्कर आणि रोही वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पिकाचं नुकसान करत असतील तर कलम 11 प्रमाणे परवानगी मिळू शकते, आणि 22 जुलै 2015 च्या शासन निर्णयाने तो अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर बार टाकला तर 3 ते 7 वर्षं कैद. रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले म्हणून चाप ओढणाऱ्याने कळपात काय आहे हे आधी ओळखावं.

नुकसान झालंच तर वन विभागाच्या भरपाईसाठी 3 दिवसांच्या आत कळवावं लागतं. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान खरीप 2026 पासून पीक विम्यात धरता येईल असं केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलंय. त्यात 72 तासांच्या आत ॲपवर ठिकाणासह फोटो टाकून कळवायची अट आहे, आणि कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या प्राण्यांसाठी हे लागू करायचं ते राज्याने जाहीर करायचंय. भोकरदन तालुका त्या यादीत आहे का, हे विम्याचा हप्ता भरताना सेवा केंद्रावर किंवा कृषी सहायकाला विचारून घ्यावं, आणि पडलेल्या मक्याचे फोटो कडबा उचलायच्या आधी काढावेत.