भंगारातून आभाळात: जुन्या लढाऊ विमानांचे धनी आणि जतन

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बी-२४ लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचे १८ हजारांहून अधिक नग तयार केले. आज त्यांतली धड अवस्थेतली वीससुद्धा उरलेली नाहीत. उरलेल्यांपैकी सहा विमाने भारतीय हवाई दलाच्या ताफ्यातली आहेत आणि या ताफ्याच्या सेवेचा मोठा काळ पुण्याच्या लोहगाव तळावर गेला. जगभरचे शौकीन आज ज्या विमानांसाठी जिवाचे रान करतात, त्यांतली कितीतरी अशीच टिकली आहेत. एकाने टाकली, दुसऱ्याने उचलली, तिसऱ्याने दुरुस्त केली.

युद्ध संपले, सामान उरले

जपानशी लढण्यासाठी भारत हा दोस्त राष्ट्रांचा मोठा तळ होता. बंगालपासून कोकणपट्टीपर्यंत धावपट्ट्या आणि छावण्या उभ्या राहिल्या. सोनिवली, बदलापूर, अंबरनाथच्या परिसरालाही हा इतिहास परका नाही. जवळच्या नेवाळीत शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन युद्धकाळात धावपट्टी झाली. त्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न पुढे पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राहिला आणि २०१७ साली आंदोलनाच्या रूपाने रस्त्यावर आला. आजचे उल्हासनगर म्हणजे तेव्हाचा कल्याण कॅम्प. सैनिकांसाठी बांधलेल्या तिथल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले.

विमानांचे मात्र निराळे झाले. ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर विमाने अमेरिकेने युद्धकाळापुरती दिलेली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा मोडीत काढायची, असा करार होता. परत नेण्यात अमेरिकेला रस नव्हता. त्यामुळे कानपूरच्या तळावर जमवलेली विमाने पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून ब्रिटिशांनी तिथेच सोडली.

स्वतंत्र भारताला लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमाने हवी होती, पण विकत घ्यायला परकीय चलन नव्हते. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या तंत्रज्ञांनी कानपूरच्या ढिगाऱ्यातून त्यातल्या त्यात धड विमाने निवडली. एकाचा पंख, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याची चाके असे जुळवून ती उडण्याजोगी केली. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली आणि तिथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास विमाने उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ती घेऊन हवाई दलाची ५ क्रमांकाची स्क्वाड्रन स्थापन झाली. १९५१ पासून पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने याच विमानांतून अरबी समुद्रावर टेहळणी केली. भंगारात काढलेले हे विमान १९६८ पर्यंत सेवेत होते. इतर देशांची बहुतेक लिबरेटर तोवर केव्हाच वितळवली गेली होती.

पुण्याहून जगभर

भारतात लिबरेटर अजून उडत आहेत हे कळल्यावर परदेशी संग्रहालयांनी दिल्लीशी पत्रव्यवहार सुरू केला. कॅनडाने एक विमान घेतले आणि बदल्यात लायसँडर जातीचे विमान दिले. दिल्लीतील पालमच्या हवाई दल संग्रहालयात आज दिसणारे लायसँडर ते हेच. १९६९ मध्ये एक लिबरेटर पुण्याहून उडत अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पिमा संग्रहालयात गेले. १९७४ मध्ये एक ब्रिटनला भेट म्हणून गेले. ते लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयात आहे. आणखी एक अमेरिकी संग्राहकाने विकत घेतले. एक पालमला ठेवले गेले.

सहाव्या विमानाची कथा सर्वांत लांबलचक. १९६८ नंतर ते भारतात तसेच पडून होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश संग्राहक डग आर्नल्ड यांनी ते विकत घेतले, सुटे केले आणि मालवाहू विमानातून इंग्लंडला नेले. १९८४ मध्ये ते अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले. तिथे कित्येक वर्षांच्या मेहनतीनंतर १९८९ मध्ये ते पुन्हा उडाले आणि पुढे तीस वर्षे अमेरिकेतल्या गावोगावच्या लोकांना त्याने आपले दर्शन घडवले.

याच काळात लढाऊ विमानांचाही असा शोध सुरू होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑर्मंड हेडन-बेली या वैमानिकाने भारतात पडून असलेली आठ स्पिटफायर विमाने विकत घेतली. त्या वेळी भारताला या विमानांचे मोल भंगाराइतकेच वाटत होते. कायद्याचीही आडकाठी नव्हती, कारण १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार वस्तू सर्वसाधारणपणे शंभर वर्षे जुनी असावी लागते. १९४४ साली बनलेले विमान आजही त्या व्याख्येत बसत नाही.

दुरुस्तीचे काम

विमान दुरुस्त करायला घेतले की पहिली कसोटी धातूची. सांगाडा आणि बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. दमट हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते आणि पत्र्याचे पापुद्रे सुटू लागतात. हे बहुधा आतल्या जोडांवर होते आणि वरच्या रंगामुळे कळत नाही. म्हणून रंग खरवडून, हजारो रिव्हेट काढून एकेक पत्रा सोडवावा लागतो. खराब पत्रा मूळ आराखड्यानुसार नव्याने कापला जातो. काही मिश्रधातूंचे रिव्हेट भट्टीत तापवून थंड केल्यावर थोडाच वेळ मऊ राहतात. ते कडक होऊ नयेत म्हणून शीतपेटीत ठेवतात आणि बाहेर काढताच ठोकतात. सुकाणूच्या फळ्यांवर कापड ताणून बसवतात आणि लेपाचे थर देऊन ते ढोलाच्या कातड्यासारखे ताठ करतात.

इंजिनाचे काम याहून नाजूक. लिबरेटरला आणि डकोटा या वाहतूक विमानालाही प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे चक्राकार मांडणीचे १४ सिलिंडरचे इंजिन आहे. ताकद सुमारे १२०० अश्वशक्ती. विमान उभे राहिले की तेल हळूहळू खालच्या सिलिंडरांत उतरते. तसेच इंजिन चालू केले, तर दट्ट्या त्या तेलावर अडून त्याचा दांडा वाकू शकतो किंवा सिलिंडर फुटू शकतो. म्हणून उड्डाणापूर्वी दोन-तीन माणसे पंख्याची पाती हातांनी एकामागून एक फिरवतात. मध्येच पाते अडले तर जोर लावायचा नाही. खालचे स्पार्क प्लग काढून तेल निथळू द्यायचे. ही समज पुस्तकापेक्षा जुन्या तंत्रज्ञांच्या हाताखाली राबून येते आणि असे तंत्रज्ञ जगात कमी होत चालले आहेत.

तिसरा भाग कागदपत्रांचा. सांगाड्यावरची निर्मिती क्रमांकाची पट्टी, लॉगबुके, खरेदीखते आणि नोंदणीचे दाखले यांवरून विमानाची ओळख ठरते. अर्धे पत्रे बदलले तरी ही साखळी अखंड असेल तर विमान तेच मानले जाते. ती तुटली की किंमतही घसरते आणि इतिहासही धूसर होतो.

परत येणारी विमाने

अलीकडे उलटी वाटही दिसू लागली आहे. १९४४ साली बनलेले एक डकोटा विमान मोडकळीला आलेले असताना तेव्हाचे राज्यसभा खासदार राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये विकत घेतले. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हवाई दलात डकोटा उडवत असत. ब्रिटनमध्ये दुरुस्ती झाली. हे विमान हवाई दलाला भेट देण्याचा त्यांचा प्रस्ताव आधी मागे पडला होता. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तो स्वीकारला गेला. एप्रिल २०१८ मध्ये हे विमान इंग्लंडमधील कोव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्याने उडत जामनगरला पोहोचले. त्याला ‘परशुराम’ हे नाव आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक मिळाला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला भारतीय सैनिक उतरवणाऱ्या डकोटाचा हा क्रमांक. हवाई दलाच्या वारसा ताफ्यात टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही जुनी प्रशिक्षण विमानेही आहेत.

महाराष्ट्राने असा एक पाहुणाही पाहिला. १९४३ साली बनलेले आणि रंग उतरवून चकचकीत केलेले स्पिटफायर २०१९ च्या जगप्रदक्षिणेत नागपूरला उतरले होते. एकेकाळी ते नेदरलँड्समधल्या संग्रहालयात उभे होते.

जवळचा वारसा

मराठी वाचकाला असा प्रवास जवळून पाहायचा असेल, तर गोव्यातील बोगमाळोचे नौदल हवाई संग्रहालय गाठावे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या अंगणात सुपर कॉन्स्टलेशन हे भव्य विमान उभे आहे. ते आधी एअर इंडियाचे ‘राणी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरुळची राणी. पुढे या जातीची विमाने हवाई दलाकडे आली आणि लिबरेटर चालवणाऱ्या पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रननेच ती सागरी टेहळणीसाठी वापरली. १९७६ मध्ये ती नौदलाकडे गेली. एअर इंडिया, हवाई दल आणि नौदल, असे तीन धनी या विमानाने पाहिले. शेजारीच शॉर्ट सीलँड आहे. भारतीय नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात १९५३ मध्ये याच जातीच्या विमानाने झाली आणि जगात त्याचे मोजकेच नग उरले आहेत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या अशा विमानांना छपराची आणि नियमित देखभालीची गरज असते.

पुढची पाळी मिग-२१ ची. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार झालेले हे विमान सप्टेंबर २०२५ मध्ये सेवेतून निवृत्त झाले. निवृत्त विमाने चौकांत, महाविद्यालयांत मांडण्यासाठी दिली जातात. चौथऱ्यावर चढवले की काम संपले असे समजणे हा विमानावर अन्याय आहे. पावसाळ्यापूर्वी सांधे बंद करणे, पाणी साचणारी छिद्रे मोकळी ठेवणे, पक्ष्यांची घरटी काढणे, ठरावीक काळाने रंग देणे, एवढे केले तरी ते कित्येक वर्षे टिकते. त्याबरोबर विमानाचा क्रमांक, ते कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होते, कोणत्या मोहिमांवर गेले याची पाटी हवी. ओझरच्या ज्या कामगारांनी त्याचे पत्रे जोडले, त्यांच्या आठवणी आजच नोंदवून ठेवल्या पाहिजेत. कानपूरच्या ढिगाऱ्यातली लिबरेटर टिकली ती आधी गरजेपोटी आणि मग शौकिनांच्या जिव्हाळ्यापोटी. मिग-२१ ला तशी वाट पाहायला लावण्याचे कारण नाही. त्याचे कारागीर, कागद आणि सांगाडा हे तिन्ही आज महाराष्ट्रात हाताशी आहेत.