दुसऱ्याने आखलेल्या राज्यात

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा संगणकावरचा खेळ १९९९ साली आला. जॉन व्हॅन केनेगम यांच्या न्यू वर्ल्ड कंप्युटिंगने तो घडवला. थ्रीडीओ ही मालक कंपनी २००३ मध्ये बुडाली, हक्क युबिसॉफ्टकडे गेले. खेळ मात्र टिकला, आणि त्याचं मोठं श्रेय खेळासोबतच मिळणाऱ्या मॅप एडिटरला आहे. त्यात कुणीही हौशी माणूस आपलं राज्य आखू शकतो: डोंगर, खाणी, शहरं, पहारेकरी, सगळं.

असा नकाशा खेळणं म्हणजे तो आखणाऱ्याचा डाव ओळखणं.

खेळ आळीपाळीचा. एक पाळी म्हणजे एक दिवस. शहरात दिवसाला एकच इमारत उभी राहते, नवे सैनिक आठवड्याच्या सुरुवातीलाच मिळतात आणि हीरो दिवसाला ठरावीक अंतरच चालतो. गवताळ जमिनीवरचं एक घर सरळ ओलांडायला हालचालीचे १०० गुण खर्च होतात, दलदलीत १७५, फरसबंदी रस्त्यावर फक्त ५०. त्यामुळे नकाशावरचा रस्ता कधीच शोभेचा नसतो. शत्रूचं शहर तीन दिवसांवर येतं की सहा, हे तो रस्ताच ठरवतो. मुरलेला खेळाडू आधी रस्ते पाहतो, खजिना नंतर.

पहाऱ्यावरच्या सैन्याचा नेमका आकडा सहसा दिसत नाही. ‘होर्ड’ असं लिहिलं असेल, तर ५० ते ९९ मधलं काहीही. ५० ड्रॅगन आणि ९९ ड्रॅगन यांत जिंकण्या-हरण्याचा फरक आहे. चांगला नकाशाकार नेमक्या याच अंधुकतेवर खेळाडूची परीक्षा घेतो. रंगीत चौक्यांचंही तसंच. आठ रंगांचे तंबू असतात. ज्या रंगाच्या तंबूला भेट द्यावी, त्या रंगाची चौकी उघडते. चौकी घराशेजारी आणि तंबू भुयारी पातळीच्या पार टोकाला, ही नकाशाकारांची लाडकी रचना.

‘टाउन पोर्टल’ आणि ‘डायमेन्शन डोअर’ हे दूरवर उडी मारायचे मंत्र अनेक नकाशांत बंद केलेले असतात. नवखे खेळाडू त्यावर चिडतात, पण नकाशाकाराचंच बरोबर असतं: चौकी उडी मारून ओलांडता आली, तर तिच्यामागे रचलेली गोष्टच वाया जाते. उलट, कुठलीही सूचना न देता सैन्य हिरावून घेणारा अदृश्य सापळा हा मात्र सरळ अन्याय. त्यात कसब नाही.

चाहते नकाशांवर थांबले नाहीत. २०११ साली त्यांनी ‘हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस’ हा विनामूल्य विस्तार आणला आणि चाच्यांचं एक नवं शहर खेळात आलं. मूळ खेळात सर्वात मोठा नकाशा १४४ बाय १४४ घरांचा होता. या विस्तारात ती मर्यादा पुढे २५२ बाय २५२ पर्यंत गेली. युबिसॉफ्टच्या २०१५ च्या एचडी आवृत्तीत तर मूळ दोन्ही विस्तारही नाहीत, त्यामुळे त्यांपैकी ‘शॅडो ऑफ डेथ’साठी काढलेले नकाशे तिच्यात चालत नाहीत. खेळ विकत घेण्याआधी हे जरूर पाहावं.

सुरुवात ७२ बाय ७२ च्या मध्यम नकाशाने करावी आणि विजयाची अट आधी नीट वाचावी. कधी शत्रूचा नायनाट नको असतो, एखादी वस्तू मिळवली की पुरतं. आणि डाव संपल्यावर तोच नकाशा एडिटरमध्ये उघडून पाहा. कुणा अनोळखी माणसाने तुमच्यासाठी कुठे काय लपवलं होतं, ते तिथे सगळं दिसेल.