मुंगीचा पोशाख

नातवाला तालमीत पोरे 'मुंगी' म्हणतात. आठवडाभर त्याने लंगोट बांधलेला नाही. कोल्हापूरच्या घरात ही काही साधी गोष्ट नव्हे, वाचकहो! सगळ्यांचे सल्ले वाया गेले, तेव्हा मी कॉमिक्स काढली.

मारुतीने अंगठ्याएवढे होऊन सुरसेला चकवले, हे त्याला ठाऊक होते. अँटमॅन नव्हता. हँक पिम मुंग्यांच्या वारुळात सापडतो, ती १९६२ची पहिली कथा आता जुनाट वाटते. पुढे तोच 'जायंट-मॅन' होऊन ताडमाड वाढला, तिथे तर मला कंटाळाच आला. 'ॲव्हेंजर्स'चा १९७१चा ९३वा अंक मात्र चुकवू नका. निपचित पडलेल्या व्हिजन या यंत्रमानवाच्या देहात अँटमॅन उतरतो. नील ॲडम्सने ते अंतरंग एखाद्या अनोळखी मुलखासारखे रेखाटले आहे.

माझी लाडकी कथा १९७९ची, 'मार्व्हल प्रीमियर' अंक ४७ आणि ४८. स्कॉट लँग हा तुरुंगातून सुटलेला चोर. मुलीचे हृदय दुबळे. तिला वाचवू शकेल अशी डॉक्टरीण कुणी डांबून ठेवलेली. म्हणून हा बाप अँटमॅनचा पोशाखच पळवतो.

"मग पकडला?" नातवाने विचारले.

"पिमला कळलं. पण पोशाख त्यानं त्यालाच ठेवू दिला."

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, माझा लंगोट कुठं ठेवलाय?"