बाहुली त्यांची, आवाज आपला

सन 2005. पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वा या उपनगरात पोलिसांच्या भीतीने पळालेली दोन पोरे विजेच्या उपकेंद्रात लपली आणि शॉक लागून मेली. झिएद बेना 17 वर्षांचा, बुना त्राओरे 15 वर्षांचा. तारीख होती 27 ऑक्टोबर. त्यानंतर फ्रान्सची उपनगरे पेटली. वाहिन्यांनी जळालेल्या मोटारी मोजल्या. पोरे का पळाली, हे किती जणांनी विचारले?

ते विचारले अॅलेक्स चॅन नावाच्या तरुणाने. आईबाप चिनी वंशाचे, राहणे उपनगरातले, सिनेमाचा अनुभव शून्य. नोव्हेंबरात बाजारात आलेला ‘द मूव्हीज’ हा कॉम्प्युटर गेम त्याने घेतला आणि त्यातल्याच तयार पात्रांना हलवून 13 मिनिटांचा ‘द फ्रेंच डेमोक्रसी’ हा लघुपट केला. नोव्हेंबर संपायच्या आत तो जगभर पाहिला गेला. गेममध्ये पॅरिस नव्हते, म्हणून मेट्रोच्या जागी न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे आली आणि विजेच्या उपकेंद्राच्या जागी एक झोपडी. कोणाचे काही अडले नाही. गोष्ट खरी होती.

या प्रकाराला मशिनिमा म्हणतात. 1996 साली ‘क्वेक’ या गोळीबाराच्या गेममध्ये खेळणाऱ्या पोरांनीच तो सुरू केला. यात पात्र म्हणजे कॉम्प्युटरमधली कळसूत्री बाहुली. वर कातडी, आत सांधे असलेला सांगाडा. सांधे फिरवायचे, कॅमेरा लावायचा, वरून आवाज द्यायचा. पडद्यावर एका सेकंदाला 24 चित्रे लागतात, म्हणजे तीन मिनिटांच्या फिल्मला 4320. साध्या अॅनिमेशनमध्ये एका चित्राला दोन मिनिटे धरली तरी कॉम्प्युटर सहा दिवस अहोरात्र चालू ठेवावा लागतो. (वऱ्हाडातले भारनियमन ज्यांनी भोगले त्यांना याचा अर्थ सांगायला नको.) गेममध्ये मात्र चित्र हातासरशी तयार होते. गरिबाच्या पोराला हे माध्यम परवडते ते यामुळे.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा जब्बार पटेलांचा चित्रपट उभा राहायला सरकारी पैसा आणि कित्येक वर्षे लागली. अमरावती-अकोल्याच्या वस्तीतल्या पोराने तेवढी वाट का पाहावी? अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा अमरावतीचाच आहे. 13 नोव्हेंबर 1927 रोजी इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब. तिथेच त्यांना थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी कळली. यावर पाच मिनिटांची फिल्म करायला काय लागते? एक जुना कॉम्प्युटर, चार मित्र आणि वऱ्हाडी बोलणारी एखादी आजी. मराठी पडद्यावर वऱ्हाडी ऐकू येते ती बहुधा हसवण्यापुरती. ती हक्क मागताना एकदा ऐकू येऊ द्या.

आता अडचण सांगतो. या बाहुल्या कोणाच्या आहेत? सैनिक, गुंड, परग्रहवासी. भारतीय माणूस म्हणून जगाला ‘स्ट्रीट फायटर’मधला धालसिम माहीत आहे: गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग. बरे, आपल्या लोकांनी केले तेव्हा काय केले? 2020 साली पुण्याच्या कंपनीचा ‘राजी’ आला. देखणा आहे, कौतुकही झाले. पण देवांनी दिलेली शस्त्रे घेऊन मारायचे कोणाला? पुन्हा असुरांनाच. हे असुर-राक्षस कोण होते ते महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त सांगून ठेवले आहे. बळीच्या लेकरांनी बटण दाबून बळीच्याच माणसांना मारायचे, आणि याला करमणूक म्हणायचे!

अडचण नुसत्या चेहऱ्याची नाही, चालीचीही आहे. गेमच्या बाहुलीला धावणे, उडी मारणे, नेम धरणे शिकवलेले असते. डोक्यावर भारा घेऊन चालणे, मांडी घालून सभेत बसणे तिला कोण शिकवणार? ‘सॅन अँड्रियास’मधल्या सीजेला धोतर नेसवले तरी तो गुंडाच्याच ऐटीत चालेल. आणि एखाद्या सुटाबुटातल्या बाहुलीला बाबासाहेब म्हणून उभे केले तर वस्ती रागावेल, आणि रास्तच रागावेल. माझे मत स्पष्ट आहे: बाबासाहेब पाठमोरे दाखवा, त्यांचा चेहरा उसन्या कातडीवर चिकटवू नका.

काही शहाणे म्हणतील, उसन्या बाहुल्यांवर कसली चळवळ? त्यांनी जलसे आठवावेत. तमाशाचा साचा कोणाचा होता? सत्यशोधकांनी तो घेतला, पुढे नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी घेतला, गण-गौळण बाजूला सारली आणि त्याच ढोलकीवर समाज जागा केला.

मालकीचा प्रश्न मात्र खरा आहे. बाहुली कंपनीची असते. मायक्रोसॉफ्टने 2007 साली आपल्या गेमवरून फिल्म करायला परवानगी दिली ती धंदा न करण्याच्या अटीवर. म्हणजे जयंतीच्या मंडपात फुकट दाखवण्याआधीही त्या त्या कंपनीची अट वाचावी, आणि तिकीट लावायचे असेल तर दहादा विचार करावा. यातून सुटायची वाट ‘ब्लेंडर’ने दाखवली आहे. 2002 साली हे सॉफ्टवेअर बंद पडायच्या बेतात असताना जगभरच्या वापरणाऱ्यांनी 1 लाख युरो वर्गणी जमवून ते सर्वांसाठी मोकळे केले. लॅटव्हियाच्या ज्या ‘फ्लो’ला 2025 मध्ये ऑस्कर मिळाले, तो याच फुकटच्या सॉफ्टवेअरवर झाला. वर्गणीचे तंत्र आपल्याला कोणी शिकवायला नको. डीजेच्या भिंतीवर एका रात्रीत जे उडते त्यातल्या थोडक्या पैशात वस्तीच्या वाचनालयात एक बरा कॉम्प्युटर येतो.

त्यावर पहिली बाहुली आपली घडवावी. लुगडे नेसलेली, मांडी घालून बसता येणारी एक बाई, इंद्रभुवन थिएटरात पुढे बसलेली. मग कॅमेरा तिच्या पाठीमागे लावावा.